तेल पूर्ण होतं

१

अल्हाजी लासिसी गेले ते शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज चालू असताना. सकाळपासून वीज नव्हती. त्यांच्या खाटेजवळचं ऑक्सिजनचं यंत्र दारातल्या जनरेटरवर चाललं होतं. जनरेटर बंद पडला तसं यंत्रही बंद पडलं. सून मागच्या अंगणात चुलीवर कंदाच्या पिठाचा आमाला घोटत होती, तिला काही कळलं नाही. नमाज आटोपून मुलगा खोलीत गेला तेव्हा सगळं संपलं होतं. दोन वर्षांपासून त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती, यंत्राशिवाय दहा मिनिटंही निभत नव्हतं. संध्याकाळच्या आत दफन झालं.

शनिवारी सकाळी त्यांचा मुलगा रफीउ माझ्या दुकानात आला. एका हातात त्याने नोजीमची गळपट्टी धरली होती.

"बाबा मुफु, हा तुमच्या संघटनेचा ना?"

"आधी त्याची गळपट्टी सोड. मग विचार."

"याने माझ्या बापाला मारलं."

मी मुफुताउ. इबादान शहरात चाळीस वर्षं लहान इंजिनं उघडतोय. आमच्या भागातल्या जनरेटर मिस्त्र्यांच्या संघटनेचा अध्यक्षही मीच, कारण लोकांची भांडणं ऐकून घ्यायची हौस दुसऱ्या कुणाला नाही. नोजीम आमच्यातला सर्वांत हळू काम करणारा मिस्त्री. गिऱ्हाइकं त्याला कंटाळतात. पण त्याने जोडलेलं इंजिन परत उघडावं लागत नाही, हे मला ठाऊक होतं.

रफीउचं म्हणणं सरळ होतं. नोजीमने गुरुवारी जनरेटरचं तेल बदललं आणि कमी घातलं. शुक्रवारी इंजिन बंद पडलं. रफीउने इंजिन चालू करायची दोरी ओढली तेव्हा पॅनेलवरचा लाल दिवा लागला, आणि तो दिवा तेल कमी असल्यावरच लागतो. "नंतर रडारड चालू असताना हा तेलाची बाटली घेऊन धावत आला, बाबा. गुपचूप तेल घालून मोकळा झाला. बाटली पन्नास जणांनी पाहिलीय."

"किती तेल घातलं होतंस?" मी नोजीमला विचारलं.

"पूर्ण. तेल मोजायच्या दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत."

"मग बाटली कशाला आणलीस?"

नोजीमने खाली पाहिलं. 

"पुढच्या शुक्रवारी आठव्या दिवसाची प्रार्थना आहे," रफीउ म्हणाला. "तोपर्यंत तुम्ही खरं काय ते सांगा. नाहीतर मी याला पोलिसांच्या हवाली करणार."

नोजीमला तीन मुली आहेत. पोलिसात गेलेला मिस्त्री आमच्याकडे सुटून आला तरी त्याच्या हाती कुणी इंजिन देत नाही. आणि तेल खरंच कमी घातलं असेल, तर मीही त्याची बाजू घेणार नव्हतो.

२

जनरेटर जागेवरच होता, घराच्या भिंतीला लागून, सपाट सिमेंटवर. पॅनेल भिंतीकडे तोंड करून. पाऊस लागू नये म्हणून नोजीमनेच तसं ठेवायला सांगितलेलं. लाल दिवा बघायचा तर भिंत आणि जनरेटर यांच्या फटीत मान घालावी लागे. माझ्या वयाला ते जमत नाही, पण जमवलं.

तेलाची दांडी काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. टाकीत अर्धं पेट्रोल. दोरी दुसऱ्यांदा ओढली आणि इंजिन चालू झालं.

मग मी सेन्सरची वायर बघितली. ज्यांना या यंत्रांशी काम पडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या तळाशी तेलात तरंगणारा एक बोंडा असतो. तेल खाली गेलं की बोंडा खाली बसतो, वायरीला वायर भिडते आणि प्लगची ठिणगी मरते. आतले भाग एकमेकांवर घासून जळायच्या आत इंजिन आपणहून थांबतं. दोरी ओढली तर नुसता लाल दिवा लागतो. तेल भरेपर्यंत ते चालू होत नाही. मालकाला वाटतं यंत्र बिघडलं, पण खरं तर ते स्वतःला वाचवत असतं.

आमचे निम्मे मिस्त्री ही वायर कापून टाकतात. गिऱ्हाईक घाईत असतं, वायर कापली की इंजिन लगेच धडधडतं, मिस्त्र्याची वाहवा होते. पुढे सहा महिन्यांत तेलाविना इंजिन जाम होतं, तेव्हा त्याच मिस्त्र्याला पुन्हा बोलावतात. मी सभेत ओरडून ओरडून दमलो. नोजीमने मात्र एकही वायर कधी कापली नाही. इथेही ती शाबूत होती.

म्हणजे तेल पूर्ण, पेट्रोल आहे, सेन्सर शाबूत. तरी इंजिन थांबलं होतं आणि दिवा लागला होता. असं होण्याचा एकच अर्थ दिसत होता, की थांबलं तेव्हा तेल कमी होतं आणि नंतर कुणीतरी घातलं. माझं मन खट्टू झालं. नोजीमचीच चूक दिसत होती.

शेवटी सवयीने एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि मागे उभ्या नोजीमला विचारलं.

"यातला स्पंज धुतला होतास का रे?"

"गुरुवारी. धुऊन, वाळवून, मगच बसवला."

मी स्पंज मुठीत दाबला. बोटांमधून तेल ओघळून माझ्या मनगटापर्यंत आलं.

३

कामोरूचं दुकान समोरच्या वळणावर. वायरी कापण्यात तो सगळ्यांत पुढे. अल्हाजींचं काम आधी त्याच्याकडे होतं, ते काढून नोजीमला दिलं म्हणून वर्षभर धुसफुसत होता.

"या अध्यक्ष! चौकशी ना? बसा. माझ्यावर संशय आहे का? असलाच पाहिजे, मी दिसायलाच तसा आहे."

"शुक्रवारी कुठे होतास?"

"नमाजेला. दुसऱ्या रांगेत. तुम्ही माझ्या मागेच होतात, माझ्या टाचांना भेगा आहेत हेसुद्धा तुम्ही पाहिलं असेल." मग तो गंभीर झाला. "बाबा, खरं बोलू? मी ती वायर केव्हाच कापली असती. म्हातारा आज जिवंत असता. तुमचा नोजीम पुस्तकातलं काम करतो."

"तेल संपलं असतं तर इंजिन जळलं असतं."

"तेल संपलंच असतं कशावरून? ती यंत्रं उगाच रुसतात. मी रविवारी रफीउलाही तेच सांगितलं. तो विचारायला आला होता."

"काय विचारायला?"

"की तेल असूनही लाल दिवा लागतो का. मी म्हटलं, लागतो. कशानेही लागतो." त्याने माझी नजर चुकवली. "अजून काही नाही विचारलं. मला गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. रविवारी. म्हणजे शनिवारी नोजीमची गळपट्टी धरणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी शंका आली होती, आणि ती त्याने मला सांगितली नव्हती.

अल्हाजींच्या घरातच पुढच्या गाळ्यात इया बोसेचं पाव आणि थंड पेयांचं दुकान. इया बोसे म्हणजे बोसेची आई, तिचं खरं नाव मोहल्ल्यात कुणाला आठवत नाही. ती ख्रिस्ती, त्यामुळे नमाजेच्या वेळी दुकानात एकटीच होती. जनरेटरच्या धुरावरून अल्हाजींशी तिची रोज जुंपायची. ते गेल्यावर सगळ्यात मोठ्याने तीच रडली होती.

"बोल बाई. काय पाहिलंस?"

"मी काय पाहणार? पाव विकते. इंजिन थांबलं, मला वाटलं बरं झालं, जरा शांतता. नमाज संपली, रफीउ धावत आला. त्याने दोरी ओढली, लाल दिवा लागला. पुन्हा ओढली, पुन्हा दिवा. थोड्या वेळाने चालू झालं आणि असा पांढरा धूर सोडला की माझे सगळे पाव झाकावे लागले."

"नोजीम कधी आला?"

"नंतर. इंजिन चालू होतं, आत रफीउ ओरडला, लोक धावले, तेव्हा आला. बाटली हातात होती बिचाऱ्याच्या. झाकणसुद्धा काढलं नाही त्याने, कोपऱ्यात रडत बसला."

"तू कुठे बसली होतीस?"

"इथेच. या स्टुलावर. गल्ला सोडून मी कुठे जाते?"

"उठ जरा."

मी तिच्या स्टुलावर बसलो. दारातून जनरेटर दिसत होता, त्याची पाठ. पॅनेल भिंतीकडे. लाल दिवा इथून माझ्या बापालाही दिसला नसता.

मी इया बोसेकडे पाहिलं. तिला कळलं मला काय कळलं ते.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता घरमालक रफीउ आहे. अकरा वर्षं मी या गाळ्यात आहे. मला जास्त विचारू नका."

४

घरी येऊन मी बायकोला सगळं मोठ्याने सांगितलं. ती ऐकत नाही, पण मला बोलल्याशिवाय विचार करता येत नाही.

नोजीम आला तेव्हा इंजिन आधीच चालू झालं होतं. सेन्सर शाबूत असताना कमी तेलावर ते चालू झालंच नसतं. म्हणजे नोजीमने तेल घातलं नाही, कारण घालायची गरजच नव्हती. तेल गुरुवारपासून पूर्णच होतं. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हाही तेवढंच, इंजिन चालू झालं तेव्हाही तेवढंच. मधल्या वेळात तेल बदललं नाही. मग काय बदललं?

"जागा," मी म्हणालो.

"भात थंड होतोय," बायको म्हणाली.

इया बोसेला दिवा दिसला, कारण तेव्हा पॅनेल तिच्याकडे होतं. जनरेटर भिंतीपाशी नव्हताच. आणि स्पंजातलं तेल? तेल तळाशी असतं. ते फिल्टरपर्यंत चढायचं तर इंजिन त्या बाजूला कलंडावं लागतं. चढलेलं तेल जळताना पांढरा धूर निघतो. आणि इंजिन कललं की तळातलं तेल एका बाजूला जातं, बोंडा दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. त्याला कसं कळणार तेल संपलंय की नुसतं सरकलंय? तो आपला खाली बसतो आणि ठिणगी बंद पाडतो.

गुरुवारी सकाळी मी नोजीमला घेऊन तिथे गेलो. रफीउ बाहेरगावच्या नातेवाइकांना आणायला गेला होता. दारासमोर गटारावर सिमेंटचा उतार आहे, मोटारसायकल घरात चढवायला केलेला. त्याच्याखाली गटाराच्या कडेला अर्धी वीट सापडली. तिच्यावर काळ्या रबराचा गोल ठसा होता, जनरेटरच्या पायाचा.

आम्ही जनरेटर उतारावर ठेवला, खालच्या पायांना विटेची टेकण दिली. जवळजवळ सपाट झाला. चालू केला. नीट चालला. धडधडीने वीट कणाकणाने सरकत होती. सातव्या मिनिटाला निसटली, जनरेटर कलला, आणि थांबला. मी दोरी ओढली. लाल दिवा लागला.

नोजीमने वाकून लाल दिव्यावर बोट ठेवलं.

"आता तरी सांग," मी म्हणालो. "बाटली का आणलीस?"

"मी पाचव्या रांगेत होतो, बाबा. ते बंद झालेलं ऐकलं. मला माझीच शंका आली. वाटलं, विसरलो की काय मी? पूर्ण घातलं होतं की नाही? नमाज संपेपर्यंत मी फक्त तेलाचाच विचार करत होतो. मग घरी धावलो, बाटली घेतली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तेव्हाच उठलो असतो तर?"

मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो. कारण मीही ऐकलं होतं. तिसऱ्या रांगेत होतो मी, घरापासून वीस पावलांवर.

आमच्या रस्त्यावर शुक्रवारी मशीद पुरत नाही. चटया रस्त्यावर येतात. त्या अर्ध्या तासात सगळे आपापले जनरेटर बंद ठेवतात, कुणाला सांगावं लागत नाही. इया बोसेही ठेवते. फक्त अल्हाजींचा चालू असतो, आणि तो का ते सगळ्यांना ठाऊक. तो थांबला तेव्हा माझ्या मनात आलं होतं की वीज आली असेल, कुणीतरी अदबीने बंद केला. इतकंच. आणि मी पुन्हा कपाळ टेकवून सजद्यात गेलो.

५

शुक्रवारी सकाळी मी रफीउला एकट्याला गाठलं. विटेचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचललाही नाही.

"अब्बांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "वारा फिरला होता. खिडकीतून त्यांना दिसलं की धूर सगळा रांगांवर जातोय. म्हणाले, माणसं माझ्या धुरात कपाळ टेकतायत, बाजूला घे ते. मी उतारावर नेलं, वीट लावली. चालू आहे ना, एवढं बघितलं आणि वजूला, हातपाय धुवायला, पळालो. परत आलो तर कललेलं. दोरी ओढली, चालू होईना. जागेवर ओढत नेलं, मग झालं."

"शनिवारी हे सांगितलं नाहीस."

"शनिवारी मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, बाबा. दिवा तेलाचा, तेल नोजीमचं. रविवारी कामोरूला विचारलं. तो म्हणाला, तिरकं ठेवलं तरी बंद पडतं. त्यानंतर..." त्याने मान वळवली. "त्यानंतर मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? आईला? बहिणींना? की मीच अब्बांचा श्वास थांबवला?"

"आणि नोजीमच्या मुलींना काय सांगणार होतास?"

आता त्याने विटेचा तुकडा उचलला.

"मी तुझं नाव घेणार नाही," मी म्हणालो. "नोजीमचा दोष नाही एवढं सिद्ध करीन. पुढचं तुझं तू बघ."

हे कदाचित चुकीचंही असेल. पण बापाच्या शब्दाखातर यंत्र हलवलेल्या मुलाला मी सगळ्यांसमोर ओढून आणू शकलो नसतो.

दुपारी जुम्म्यानंतर त्याच रस्त्यावर आठव्या दिवसाच्या चटया पसरल्या. मी उभा राहिलो. तेल पूर्ण होतं, हे सांगितलं. स्पंज, धूर, दिवा, वीट, सगळं एकामागून एक सांगितलं. यंत्र कललं की पूर्ण तेलावरही थांबतं, हे सांगितलं. कुणी कलवलं ते सांगितलं नाही. लोक कुजबुजू लागले. कामोरू पायांच्या बोटांकडे बघत होता.

"अजून एक," मी म्हणालो. "इंजिन थांबलेलं मी ऐकलं होतं. वीस पावलांवर होतो. उठलो नाही. जीव वाचवायला नमाज मोडता येते, हे इमामसाहेबांनी आपल्याला दहादा सांगितलंय. अजून कुणी ऐकलं होतं?"

आधी नोजीमचा हात वर गेला. मग कामोरूचा. मग मागच्या रांगांमधून, कडेच्या ओट्यांवरून, एकेक करत. दारात उभ्या इया बोसेनेही केला. शेवटी मोजायला अर्थ उरला नाही. इमामसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि आपलाही हात वर केला.

तेव्हा रफीउ उठला.

"मी कलवलं," तो म्हणाला. "नमाजेआधी मी ते उतारावर नेलं. रविवारपासून मला माहीत आहे. तरी मी नोजीमला दोष देत राहिलो."

बायकांच्या बाजूने एक हुंदका आला. त्याची आई होती. रफीउ माझ्याकडे वळला.

"बाबा, एकच सांगा. याने ती वायर कापलेली असती तर? सगळे कापतात तशी?"

मला खोटं बोलता आलं असतं. नोजीम माझ्याकडे बघत होता.

"तर ते कललेलंही चालत राहिलं असतं," मी म्हणालो. "थोडा वेळ तरी. नमाज संपेपर्यंत नक्की."

"कापायची होतीस ना रे!" रफीउ नोजीमकडे बघून ओरडला. त्यात राग नव्हता. लहान पोर ओरडतं तसं ते होतं.

"दादा," नोजीम म्हणाला, "वायर मी उद्याही कापणार नाही. पण तिरकं ठेवू नका, हे एवढं वाक्य मी तुम्हाला कधी बोललो नाही. तेल बघा म्हणालो, पावसापासून जपा म्हणालो. हे राहिलं. आम्ही कुणी कुणाला सांगतच नाही, आम्हाला वाटतं सगळ्यांना माहीत असतं."

रफीउ चटया ओलांडून त्याच्यापर्यंत गेला. आणि मग त्याने ते केलं, जे मी चाळीस वर्षांत या रस्त्यावर पाहिलं नव्हतं. आमच्यात लहान माणूस मोठ्यापुढे लोटांगण घालतो, मोठा लहानापुढे कधीच नाही. रफीउ नोजीमपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आता त्या घराचा कर्ता. तो नोजीमच्या पायांशी पालथा झाला, छाती आणि कपाळ जमिनीला टेकून.

नोजीम घाबरला. त्याने त्याचे खांदे धरून उठवायचा प्रयत्न केला. रफीउ उठेना. कुणाचीच मधे पडायची हिंमत झाली नाही. मग नोजीमही खाली झाला आणि त्याच्या शेजारी तसाच पालथा पडला, डोक्याला डोकं लावून.

इमामसाहेब थोडा वेळ थांबले. ते दोघे उठत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी हात वर उचलले आणि अल्हाजींसाठी प्रार्थना सुरू केली.